मंडळीच्या वडिलाची साक्ष

मंडळीचा वडील निवडताना आपण त्याचा कंठ व वक्तृत्व पाहतो. पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात मात्र एक निराळी अट आहे: बाहेरच्या लोकांत त्याचे नाव चांगले असावे. कर्जतेस ख्रिस्ती घरे थोडी व बाहेरचे शेजारी पुष्कळ. तेव्हा ही अट आपणांस तर विशेषच लागू. एकदा प्रस्तुत लेखकानेही एका गोड गळ्याच्या गृहस्थासाठी हात वर केला. वाण्याकडील त्यांची थकलेली उधारी साऱ्या बाजारास ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती आम्हांसच!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला व त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा ठेविली. बाहेरच्यांनी त्यांस आपले मानिले. परंतु ते शीघ्रकोपी होते, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त झाकलेले नाही, तीताच्या पत्रातील कसोटीस ते तेथे उणेच पडते. तो कोप घरच्यांस सोसावा लागला, ही गोष्ट थोर पुरुषाची म्हणून लहान होत नाही.

आज वर्गात बसणारी मुले उद्या मंडळीत मत देतील. त्यांनी आधी दोन ठिकाणी चौकशी करावी: उमेदवाराच्या घरी व त्याच्या वाण्याकडे.