'इंडियन मार्टिन ल्यूथर किंग' कशासाठी?

एप्रिल जवळ आला की आपल्या जयंती-सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिका छापल्या जातात आणि अमेरिकन पाहुण्यांना चटकन उमजावे म्हणून इंग्रजी बाजूस परमपूज्य बाबासाहेबांच्या नावाखाली 'द मार्टिन ल्यूथर किंग ऑफ इंडिया' हे बिरुद हटकून येते. परक्यांनी ते लावले असते तर एक वेळ सोसवले असते. आपणच ते छापतो!

सनावळी पाहा. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. जातिसंस्थेवरील आपला निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी तेथेच वाचला. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्राशन केले. डॉ. किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा. माँटगोमेरीचा बस-बहिष्कार डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या आयुष्याचे जेमतेम एक वर्ष उरले होते.

सनावळीचा दोष किरकोळ म्हणून सोडून देऊ. खरे दुखणे निराळेच आहे. डॉ. किंग गांधीजींना मार्गदर्शक मानत. १९५९ मधील त्यांची भारतयात्रा त्याच ओढीने झाली. उलट १९३२ साली त्याच गांधीजींच्या उपोषणामुळे बाबासाहेबांना स्वतंत्र मतदारसंघांवर पाणी सोडून पुणे करार पत्करावा लागला. 'इंडियन किंग' म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात गांधीजींचा एक अनुयायी उभा राहतो. शिवाय डॉ. किंग अखेरपर्यंत आपल्या चर्चचे धर्मोपदेशक राहिले. बाबासाहेबांनी मात्र १९३५ साली येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात तो शब्द खरा केला. ज्या दिवसामुळे आपण बौद्ध आहोत, तो दिवसच या बिरुदातून गळून पडतो. लक्षणे सारखी म्हणून रोगही एकच, असे निदान करणाऱ्या डॉक्टरवर आपण विश्वास ठेवू काय?

डॉ. किंग यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तुलनाही निषिद्ध नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्य व अमेरिकन कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य नमूद केले होते. पण दोन समाजांची दुःखे ताडून पाहणे वेगळे आणि एका महापुरुषाला दुसऱ्याची प्रतिकृती ठरवणे वेगळे. ('दलित लीडर' हे वृत्तपत्री लेबल याच जातीचे, राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष केवळ एका समाजाचा पुढारी कसा?)

कोणी म्हणेल, शेजाऱ्याला दोन वाक्यांत दुसरे काय सांगायचे? सांगा की हे कोलंबियाचे विद्यार्थी, अर्थशास्त्रज्ञ, भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार आणि लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारणारे पुरुष. वाक्य एकच झाले. येथे जन्मलेली आपली मुले दर जानेवारीत शाळेत डॉ. किंग यांच्याविषयी शिकतात. बाबासाहेबांविषयी बहुतेकांच्या वाचनात येते ती आपली पत्रिकाच. पुढील एप्रिलचा इंग्रजी मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी कार्यकारिणीने ती ओळ खोडावी.