‘पडीक’ कोणाला म्हणायचे?

दर हिवाळ्यात भिगवणच्या रस्त्याला पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. उजनी जलाशयावर रोहित आलेले असतात. त्यांची ओळख पटायला पुस्तक लागत नाही. त्याच दिवसांत, त्याच इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या माळावर दहा-बारा ग्रॅम वजनाचा एक मातकट पक्षी बाभळीत किडे टिपत असतो. त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.

हा वॉर्बलर, आपल्या वटवट्याचा परदेशी भाऊबंद. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. त्याची जागा पाहावी, आवाज ऐकावा. मोठ्या झाडाच्या पानोळ्यात ‘चि-वी’ असे दोन तुकड्यांत बोलतो तो हिरवट ग्रीनिश. झुडपाच्या पोटातून, जीभ टाळूला लावून काढावा तसा ‘चक्’ आवाज येतो तो ब्लाइथचा. उघड्या माळावरच्या खुरट्या बाभळीत दिसतो तो बहुधा बुटेड किंवा साइक्सचा. साइक्सची चोच आणि शेपूट किंचित लांब, रंग फिका. या दोघांत मी अजून चुकतो.

कर्नल साइक्स यांनी १८३२ साली या पक्ष्याचे वर्णन केले, तेही आपल्या दख्खनमधूनच. पुढे दीर्घकाळ तो बुटेडची उपजात मानला गेला आणि अलीकडे पुन्हा स्वतंत्र जात ठरला. नाव मिळायलाही इतका काळ लागतो!

बँकेत असताना न जुळणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवत असू. अंदाजाने कोणाच्याही नावे टाकत नसू. माझ्या पक्ष्यांच्या वहीतही तसे एक पान आहे. कर्जाच्या कागदांवर मात्र माळजमिनीपुढे मी बिनदिक्कत ‘पडीक’ लिहीत आलो. पाइपलाइनी मंजूर झाल्या, माळाचा ऊस झाला, संसार उभे राहिले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण तो शब्द चुकीचा होता. मध्य आशियातून येणाऱ्या पाहुण्याचे ते हिवाळी घर होते.

बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीच्या माळांवर वनीकरणाचे खड्डे, कारखान्यांचे शेड आणि ऊस यांचा दावा चालूच आहे. माझे मागणे लहान आहे. माळावर पहिली कुदळ पडण्याआधी एक हिवाळा तिथे सकाळी चालावे, काय बोलते ते ऐकावे, नोंद करावी. जमीन पडीक आहे की नाही, ते त्यानंतर लिहावे.