गुलाबी बोंडअळी आणि सामाईक झरा

कलात अल-बहरीन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. भारतातून पाहुणे आले की त्यांना हमखास दाखवायचं ते ठिकाण. या टेकाडाच्या उत्खननात अकेमेनिड काळातल्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थरांत कपाशीच्या बिया सापडल्या आहेत. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस यानंही या बेटावरच्या, तेव्हाच्या ‘टायलॉस’वरच्या, लोकर देणाऱ्या झाडांचं वर्णन करून ठेवलं आहे.

वाळवंटी बेटावर कपाशी पिकायची, कारण इथे जमिनीतून गोडं पाणी आपोआप वर यायचं. १९२५ मध्ये फ्रँक होम्सनं इथे पाण्यासाठी विहिरी खोदल्या. पुढे बेटावर विहिरी वाढत गेल्या, पंप आले. शेजारच्या सौदी किनाऱ्यावरही त्याच भूजलाचा उपसा होत होता. पाण्याचा दाब उतरला, खारं पाणी आत शिरलं आणि अधारीसारखा प्रसिद्ध झराही आटला. आज इथल्या काही बागा तुबलीच्या प्रकल्पात शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर जगतात. यात कुणा एकाचा पंप गुन्हेगार नव्हता. प्रत्येकानं आपल्यापुरतं पाणी उपसलं, झरा मात्र सगळ्यांचा आटला.

हे आठवायचं कारण विदर्भातली कपाशी. तिथेही असाच एक सामाईक साठा संपला आहे. तो पाण्याचा नव्हता, तर बोंडअळीच्या संवेदनशीलतेचा होता.

भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं हे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करतं. २००६ मध्ये दोन जनुकांचं ‘बोलगार्ड-२’ आलं. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवं. पण लाखो अळ्यांत एखाददुसरी त्या प्रथिनाला दाद न देणारी असते. तिचा जोडीदारही तसाच निघाला, तर पुढची पिढी तशीच निपजते. हे टाळायला बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या असतात. त्यांवर वाढलेले साधे पतंग त्या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुगतात आणि प्रतिकाराचा गुण पसरायला वेळ लागतो. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बियाणं मिळायचं. बहुतेक ठिकाणी ते पेरलंच गेलं नाही. स्वतःच्या रानात अळीसाठी पाच ओळी राखून ठेवा, असं सांगितल्यावर कोण ऐकेल? राखण्याचा तोटा एकट्याचा, फायदा सगळ्या गावाचा. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळली होती. पुढे दुसरंही निष्प्रभ ठरलं आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिनं हाहाकार उडवला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

त्यानंतर दरवर्षी एकच प्रश्न कानावर येतो: नवं बियाणं कधी येणार? आपल्या परदेशस्थ मंडळींच्या गप्पांतही ‘जीएम हवं की नको’ यापुढे गाडी जात नाही. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. उद्या तिसरं जनुक आलं आणि आपण तसेच वागलो, तर तेही तितक्याच लवकर निकामी होईल.

खरा प्रश्न वेळेचा आहे. कपाशी मुळात बहुवर्षायू, पाणी मिळालं तर ती पात्या-बोंडं धरतच राहते. गुलाबी अळी प्रामुख्यानं कपाशीवरच जगते, तीही बोंडाच्या आत, जिथे फवारा पोचत नाही. म्हणून तिला उपाशी मारणं हाच सर्वांत खात्रीचा मार्ग. डिसेंबरअखेर पीक संपवायचं, पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावायची आणि पुढची पेरणी जूनआधी करायची नाही. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो फरदड घेतो. एका-दोन ओलितांत चार पैसे जास्त मिळत असतील, तर त्याला दोष कसा देणार? मात्र त्याच्या रानात मार्चपर्यंत पोसलेली अळी पुढच्या हंगामात शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बोंडात उतरते.

हंगाम लांबण्यामागे आपलं संकरित बियाणंही आहे. ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं, म्हणून विरळ लावलं जातं. ९० बाय ६० सेंटिमीटरवर हेक्टरी सुमारे १८,५०० झाडं बसतात, ९० बाय १५ वर ७४,०००. झाडं दाट असली की प्रत्येकानं थोडी बोंडं दिली तरी पुरतं आणि पीक लवकर आटोपतं. हलक्या जमिनीत पावसाची ओल सरण्याआधी बोंडं भरतात, हा त्याचा दुसरा फायदा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं कमी कालावधीच्या सरळ वाणांची अशी सघन लागवड बरीच आधी पुढे आणली. सरळ वाणाचं बियाणं शेतकऱ्याला घरी राखता येतं. ते मागे पडण्याचं एक कारण तेच असावं, अशी शंका मला येते.

अमेरिकेनं २०१८ मध्ये आपला कापूसपट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तिथेही बीटी कपाशीच होती. पण तिच्या जोडीला कामगंध रसायनं होती, विमानातून सोडलेले अब्जावधी वंध्य पतंग होते आणि पीक मोडायची सगळ्यांना बंधनकारक तारीख होती. तिथले मोठे शेतकरी आणि आपला पाच एकरवाला यांची तुलना होत नाही, हे खरं. म्हणूनच आपल्याकडे हे काम गावानं एकत्र करायला हवं आणि त्याचा खर्च सरकारनं उचलायला हवा. महाराष्ट्रात काही वर्षं १ जूनपूर्वी शेतकऱ्याला बियाणं विकायला मनाई होती. हे पाऊल योग्य होतं, पण अर्धंच. फरदड सोडणाऱ्याला भरपाई, पऱ्हाटी बारीक करणारं यंत्र गावात, सगळ्या शिवारात एकाच वेळी कामगंध सापळे आणि सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आल्याशिवाय फवारणी नाही, असं उरलेलं अर्धं पाऊल आहे.

आपल्यापैकी कुणी गावाकडच्या शेतीसाठी पैसे पाठवत असेल, तर नव्या बियाण्याच्या पाकिटाआधी गावच्या सापळ्यांचा आणि त्या यंत्राचा विचार करावा. इथल्या झऱ्यात पुन्हा पाणी येण्याची आशा कमीच आहे. शिवारातून अळी मात्र अजूनही हटवता येईल, पण त्यासाठी सगळ्या गावाचं पीक एकाच वेळी निघालं पाहिजे.