डॉक्टर, सीपीआरचा सराव शेवटचा कधी केलात?

छातीत कळ आली की जत, आटपाडी किंवा पाटणचा माणूस थेट मिरजेला किंवा साताऱ्याला पळत नाही. आधी गाठतो तो आपला फॅमिली डॉक्टर. आणि तिथंच, बाकावर बसल्या बसल्या हृदय बंद पडलं तर? १०८ ला फोन कराल, पण गाडी यायला वेळ लागणारच. छातीवर दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे तोवर सगळा खेळ त्या डॉक्टरांच्या दोन हातांवर.

डॉक्टर हे शिकलेले असतात, प्रश्न सरावाचा आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे डोक्यात राहतं, पण हातातून काही महिन्यांतच निसटतं. शिवाय नियमही बदलतात. २०१० मध्ये तर क्रमच बदलला: आधी श्वास नाही, आधी छातीवर दाब. त्याआधी शिकलेले कितीतरी डॉक्टर आज आपल्याला तपासतात.

आपला भाग पैलवानांचा. डाव माहीत आहे म्हणून कुणी मेहनत सोडून आखाड्यात उतरत नाही. मग इथं तर जिवाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात. ते नुसती व्याख्यानं ऐकूनही भरता येतात. त्यातले काही तास पुतळ्यावर प्रत्यक्ष सीपीआर करण्यासाठी राखून ठेवा. गावोगावच्या बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांनाही तोच नियम हवा, कारण खेड्यात बहुतेक वेळा तेच पहिले भेटतात.

‘ओपीडी सोडून वेळ कुठं आहे?’ हे म्हणणं खोटं नाही. म्हणून सराव त्यांच्या दारात न्या. मिरज आणि साताऱ्यात सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. त्यांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून दर सहा महिन्यांनी तालुक्याला एक संध्याकाळ ठेवावी. कंपाउंडर आणि नर्सताईंनाही बसवावं, कारण एकटा माणूस दोन मिनिटांत दमतो. माउलींची पालखी येण्याआधी लोणंद-फलटणपासून सुरुवात करता येईल.

आणि मंडळी, आपणही पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की आदरानं एवढं विचारा, ‘डॉक्टर, सीपीआरचा सराव शेवटचा कधी केलात?’ चांगल्या डॉक्टरला याचा राग येणार नाही.