घर विकावें कीं राखावें?

आमचे धाकटे बंधु गेलीं पस्तीस वर्षें अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत राहतात. एंजिनिअरची नोकरी, कोलंबस शहराच्या कडेला १९९८ सालीं घेतलेलें घर, दोन मुलें, तीं आतां आपापल्या मार्गाला लागलेलीं. पासष्टावें वर्ष लागतांच त्यांनीं नोकरी सोडली, आणि मागील महिन्यांत त्यांचें पत्र आलें: "दादा, आम्हीं दोघांनीं यापुढें बारा महिने मोटारघरांत राहावयाचें ठरविलें आहे. गाडी घेतली. आतां एवढेंच सांगा, राहतें घर विकावें कीं ठेवावें?" गाडी घेण्यापूर्वीं विचारलें असतें तर आमच्या वडिलकीचा कांहीं अधिक उपयोग झाला असता! परंतु मोठ्या भावास विचारल्यावांचून घर विकूं नये एवढी जुनी रीत त्यांच्यांत शिल्लक आहे, हेंहि कांहीं थोडें नव्हे.

आमच्या पुष्कळ वाचकांचे भाऊ, मुलें, भाचे तिकडे आहेत, आणि त्यांतील जे पहिल्या खेपेस गेले ते आतां नोकरी सोडण्याच्या वयाला पोंचले आहेत. आज आमच्या घरीं आलेला हा प्रश्न उद्यां आणखी कोणाच्या घरीं येईल, म्हणून तो येथें मांडतों.

अशा वाहनास तिकडे 'रिक्रिएशनल व्हेइकल', थोडक्यांत 'आर. व्ही.', असें म्हणतात. कांहीं स्वतःच्या एंजिनावर चालतात, कांहीं दुसऱ्या मोटारीमागें जोडून ओढावीं लागतात. बंधूंचें वाहन पहिल्या जातीचें, ३२ फूट लांब. दोन वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां तिकडे गेलों होतों, तेव्हां त्यांनीं अशीच एक गाडी भाड्यानें घेऊन आम्हांस चार दिवस हिंडविलें. आंत पलंग, शेगडी, मोरी, संडास, सारें कांहीं. चांगल्या पाण्याची टाकी निराळी, मोरीच्या पाण्याची निराळी आणि संडासाची निराळी; या शेवटल्या दोन टाक्या ठराविक जागीं नेऊन नळीनें रिकाम्या कराव्या लागतात. तें काम बंधु हातमोजे चढवून मोठ्या उत्साहानें करीत. लहानपणीं विहिरीचें पाणी शेंदावयास सांगितलें कीं ज्यांच्या पोटांत दुखूं लागे तेच हे गृहस्थ! आमच्या सौभाग्यवतींनीं दुसऱ्या दिवशीं मत दिलें कीं, स्वयंपाकाची जागा नेटकी आहे, पण भांडें विसळतांना भांड्याकडे न पाहतां टाकीच्या कांट्याकडे पाहावें लागतें.

जुन्या संस्कृताभ्यासाची खोड म्हणून आम्हांस प्रथम बौधायनधर्मसूत्र आठवलें. त्यांत धर्माची आकांक्षा धरणाऱ्या गृहस्थांचे शालीन, यायावर आणि चक्रचर असे प्रकार आले आहेत. शालेच्या म्हणजे घराच्या आश्रयानें राहतो तो शालीन. 'चक्रचर' हा शब्द वाचतांच चाकांवरचा संसार डोळ्यांपुढें येतो. परंतु सूत्रकारांनीं त्याची व्युत्पत्ति क्रमाक्रमानें फिरण्यावरून दिली आहे, चाकांचा तेथें संबंध नाहीं. तें असो. घर सोडून हिंडणारा गृहस्थ आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता, एवढेंच सांगावयाचें. मात्र बौधायनांच्या चक्रचरास मोटार चालविण्याचा परवाना लागत नव्हता.

बंधूंची पहिली धास्ती तीच होती. घर गेलें कीं पत्ता गेला. परवाना, गाडीची नोंदणी, विमा, मतदान, कर या सर्वांस कायद्यानें मानलेलें एक वास्तव्य लागतें. पण त्याची तोड तिकडील भटक्या मंडळींनीं केव्हांच काढली आहे. साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लॉरिडा या तीन संस्थानांत पगारावर किंवा पेन्शनीवर संस्थानचा प्राप्तिकर नाहीं, म्हणून बहुतेक लोक यांपैकीं एकाचे रहिवासी होतात. टेक्सासमध्यें लिव्हिंग्स्टन या गांवीं १९७८ सालीं स्थापन झालेलें 'एस्केपीज' नांवाचें यांचें मंडळ आहे. सभासदांचें टपाल तेथें येतें आणि सभासद असेल त्या ठिकाणीं रवाना होतें. साउथ डकोटांत एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपालाचा असा पत्ता यांवर परवाना मिळत आला आहे. म्हणजे नुसत्या पत्त्याकरितां घर राखण्याची गरज नाहीं.

औषधपाण्याचें तसें नाहीं. पासष्ट वर्षें पुरीं झाल्यामुळें बंधूंस मेडिकेअर मिळेल. त्यांतील मूळ योजना, ज्या डॉक्टरांस ती मान्य आहे त्यांच्याकडे, देशभर चालते. 'अॅडव्हांटेज' नांवाच्या खासगी योजना बहुधा एकेका प्रदेशांतील डॉक्टरांशीं बांधलेल्या असतात आणि हिंडत्या माणसाच्या फारशा कामाच्या नाहींत. परंतु आमची भावजय एकसष्ट वर्षांची. तिला अजून चार वर्षें खासगी विमा घ्यावा लागणार, आणि तो तर ज्या संस्थानांत, ज्या जिल्ह्यांत पत्ता असेल त्यावर अवलंबून. बंधूंच्या पत्रांत कर कोठें वांचेल याविषयीं दीड पान होतें, पत्नीच्या विम्याविषयीं एक ओळ! आम्हीं तेवढ्या ओळीखालीं तांबडी रेघ ओढून पत्र परत पाठविलें. मास्तरकीची संवय सुटत नाहीं.

आतां पैशाची गोष्ट. आम्ही मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. पण बंधूंनीं कागद पाठविले ते चारदां वाचून जें कळलें तें असें. विक्रीपूर्वींच्या पांच वर्षांपैकीं दोन वर्षें आपलें घर आपण राहतें म्हणून वापरलें असेल, तर नफ्यांतील अडीच लाख डॉलरपर्यंत, आणि संयुक्त विवरण भरणाऱ्या पतिपत्नींस पांच लाखांपर्यंत, केंद्राचा प्राप्तिकर लागत नाहीं. १९९७ पासूनचा हा कायदा आहे. याचा अर्थ, घर सोडून निघाल्यावरहि जवळजवळ तीन वर्षें ही सवलत जिवंत राहते. तेवढ्या काळांत घर भाड्यानें देऊन मग विकलें तरी चालतें, फक्त भाड्याच्या काळांतील घसाऱ्याचा भाग करांतून सुटत नाहीं. हें कलम आम्हांस फार शहाणपणाचें वाटलें. आणखी एक गंमत: कर्जाच्या व्याजाची वजावट देतांना तेथील करखातें निजावयाची, रांधावयाची आणि शौचाची सोय असलेल्या वाहनासहि घरच समजतें. पण कायद्यानें घर म्हटलें तरी बाजार तसें म्हणत नाहीं. गाडी दुकानांतून निघाली कीं तिची किंमत उतरूं लागते. घराची बहुधा चढते. २०२१ सालीं तीस वर्षांच्या गृहकर्जाचें व्याज शेंकडा तीनच्या आसपास होतें, तें २०२२ च्या ऑक्टोबरांत सातांच्या वर गेलें. मधल्या काळांत घर विकून हिंडावयास निघालेल्या माणसास परतून तसलेंच घर घेणें किती जड गेलें असेल, याचा हिशेब कोणीहि करावा.

येथें एक सांगितलें पाहिजे. २००८ सालच्या पडझडीनंतर तिकडे पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचीं घरें गेलीं, आणि तीं निरुपायानें मोटारींत राहून हंगामी मजुरी करूं लागलीं. जेसिका ब्रूडर या बाईंनीं २०१७ सालीं त्यांजवर 'नोमॅडलँड' हें पुस्तक लिहिलें. त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं ऑस्कर मिळालें. घर राखावें कीं विकावें हा प्रश्न पडणें हेंच एक भाग्य आहे, हें बंधूंस आम्हीं कळविलें.

घर नुसतें कुलूप लावून ठेवावें, असा बंधूंचा कल होता. याविषयीं मात्र आम्हांस बोलण्याचा अधिकार आहे, आणि तो लाजेनेंच सांगतों. आमचें वडिलोपार्जित घर रत्नागिरी जिल्ह्यांत. २००४ सालीं मातोश्री गेल्या. आम्ही पुण्यास शाळेंत, बंधु परदेशीं. विकावयाचें म्हटलें कीं आईची बसण्याची जागा डोळ्यांपुढें येई. राहावयास जावें तर नोकरी आड येई. म्हणून कुलूप लाविलें. दर मे महिन्यांत जाऊन घर शाकारून घ्यावयाचें, वाळवी झाडावयाची, कुलुपाला तेल घालावयाचें आणि परतावयाचें. पैसे बहुतेक बंधूंचे. २०१९ च्या पावसाळ्यांत मागली पडवी बसली. त्या वेळीं त्यांनीं दूरध्वनीवर विचारलें, "दादा, हें घर आपण कोणासाठीं ठेवलें आहे?" आम्हांस राग आला आणि आम्ही उत्तर दिलें नाहीं. राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

ओहायोंत वाळवीऐवजीं थंडी. रिकाम्या घरांतील नळ गोठून फुटतात, म्हणून सारें पाणी काढून ठेवावें लागतें; महिना दोन महिने घर ओस राहिलें तर पुष्कळ विमा कंपन्या नुकसानीची हमी आंखडती घेतात; घरपट्टी आणि अंगणांतलें गवत कापण्याची मजुरी चालूच.

हें सर्व लिहून होण्याच्या बेतांत असतां भावजयीचा दूरध्वनि आला, आमच्या सौभाग्यवतींस. ती म्हणाली, "वहिनी, मला हिंडायची भीति नाहीं. पण वाटेंत यांना कांहीं झालें तर ती एवढी गाडी मला जागची हालवितां येत नाहीं. आणि हालविली तरी नेऊं कुठें?" आमच्या चार पानांच्या हिशेबांत हा प्रश्न कोठेंच नव्हता. बंधूंच्या पत्रांतहि नव्हता.

मग आम्हीं पहिलें उत्तर फाडून दुसरें लिहिलें. घर आज विकूं नका, आणि कुलूपहि लावूं नका, भाड्यानें द्या. देखरेख करणारा मनुष्य भाड्याचा दहावा हिस्सा घेईल, तो घेऊं द्या. घर सोडल्याची तारीख लिहून ठेवा, आणि दुसरा हिवाळा सरला कीं दोघांनीं बसून निकाल करा. तीन वर्षांची मुदत हातची जाऊं देऊं नका. विकलें तर तो पैसा गाडींत घालूं नका, तो परत येण्याच्या वाटेचा पैसा आहे. कोठें परतावयाचें तें आजच बोलून ठेवा. लिव्हिंग्स्टनच्या त्या मंडळींनीं प्रवास झेपेनासा झालेल्या सभासदांकरितां त्यांच्या त्यांच्या गाडींतच राहून शुश्रूषा मिळण्याची सोय उभी केली, तीहि एकदां पाहून या. आणि भावजयीस गाडी चालवितां आल्याखेरीज कोलंबस सोडूं नका.

परवां उत्तर आलें. एका देवळाच्या मोकळ्या पटांगणांत भावजयीचे धडे सुरू झाले आहेत. गाडी मागें घेतांना कचऱ्याचा एक डबा आडवा झाला, बाकी क्षेम. पहिल्या तारखेपासून भाडेकरू येत आहे. पत्राच्या शेवटीं बंधूंनीं लिहिलें आहे: "दादा, आमच्या घराचें ठरलें. आपल्या घराचें काय?"

या ओळीचें उत्तर आम्हीं अद्याप लिहिलेलें नाहीं.