दुखऱ्या टाचेला सुट्टी नको, काम द्या!

आमच्या ऑफिसात दरवर्षी दिवाळीनंतर एक साथ येते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून झालेलं असतं, वर्षभर खुर्चीत बसलेली मंडळी एकदम दहा-दहा किलोमीटर पळू लागतात, आणि सोमवारी लिफ्टपाशी लंगडणाऱ्यांची रांग! दुखतं कुठे, तर टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेत. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं नको होतात, मग चालता चालता जरा मोकळं वाटतं. हेच ते अकिलीस टेंडनचं दुखणं.

यावर ठरलेला सल्ला: बाम चोळ, गोळी घे, महिनाभर पाय हलवू नकोस. यातला शेवटचा सल्ला मला अजिबात पटत नाही.

ही शीर म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी बांधणारा दोर. रक्तपुरवठा कमी, त्यामुळे सुधारणा सावकाश. जुनाट दुखण्यात नुसती सूज नसते, दोराचे धागेच विस्कटलेले असतात. गोळीने दुखणं दबेल, पण दोराला ताकद कुठून येणार? पूर्ण विश्रांतीने तर तो आणखी कमकुवत होतो. म्हणून पळणं कमी करा, पण शिरेला हळूहळू वाढता भार द्या.

१९९८ साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या सर्जनने जुनाट दुखण्याच्या १५ हौशी धावपटूंना हेच करायला लावलं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा उचलायच्या, मग दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, असे ३ सेट, गुडघा सरळ ठेवून आणि पुन्हा तेवढेच किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा पळायला लागले! पुढे सगळ्यांनाच इतका गुण आला नाही, पण भार देण्याचं तत्त्व टिकलं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल; दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त आखडलं तर भार कमी करा. दुखणं थेट टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने ही शीर तुटण्याचा धोका वाढतो. आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे व्यायाम-बियायाम नाही.

बाकी तीन महिने म्हणजे फार वाटतात, मान्य. पण दर सीझनला लंगडण्यापेक्षा बरे की नाही?