राखीव जागा आणि अकरा जणांचा संघ



या सदरात आपण खते, बियाणे, फवारणी यांविषयी बोलतो. आज जरा शिवाराबाहेर जायचे आहे. कारण असे झाले की, रब्बी ज्वारीच्या बैठकीसाठी एका गावी गेलो होतो. बैठक उरकली, चहा आला आणि पारावर क्रिकेटचा विषय निघाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ आपल्याकडे येऊन कोलकाता आणि गुवाहाटी, दोन्ही कसोटी सामने जिंकून गेला, ते दुखणे अजून ताजे होते. कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणाला, "साहेब, त्यांच्या संघात तर कातडीच्या रंगावर जागा ठरतात. कर्णधार बवुमासुद्धा कोट्यातलाच म्हणतात. मग कोट्याच्या संघाने आपल्या गुणवत्तेच्या संघाला हरवलं कसं?" खांबाला टेकून बसलेले एक आबा म्हणाले, "अरे, तो जिंकला म्हणून तुला कोटा आठवला. हरला असता तर अजून जोरात आठवला असता." सगळे हसले. मला मात्र त्या मुलाला धड उत्तर देता आले नाही. घरी येऊन विचार केला, तो आज लिहितो.

दक्षिण आफ्रिकेचा देश पहिला कसोटी सामना खेळला १८८९ साली. तेव्हापासून १९७० पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षे, तो फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशीच खेळला. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज यांच्याशी एकदाही नाही, कारण ते काळे-सावळे. आपल्या घरातही तोच न्याय. १८९४ साली त्यांचा पहिला संघ इंग्लंडला निघाला तेव्हा हेन्ड्रिक्स नावाचा एक वेगवान गोलंदाज निवडीच्या योग्यतेचा होता, पण तो मिश्रवंशीय म्हणून वगळला गेला. म्हणजे त्या देशात जागा राखीव ठेवायची प्रथा आज पडलेली नाही. तेव्हा अकराच्या अकरा जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या, फक्त त्याला कोणी कोटा म्हणत नव्हते.

शेतकऱ्याला पटेल अशी गोष्ट म्हणजे जमिनीची. १९१३ साली तिथे कायदा झाला आणि देशातील जेमतेम सात टक्के जमीन काळ्या लोकांसाठी ठेवली गेली. १९३६ साली ती तेरा टक्क्यांच्या आसपास नेली. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे त्या देशात शंभरात ऐंशीच्या वर काळे आफ्रिकी आहेत आणि गोरे आठाच्या आत. इतक्या माणसांना एवढीशी जमीन, तीही बहुधा हलकी. हिरवळीचे मैदान, पाण्याचा नळ, चामड्याचा चेंडू, शिकवणारा मास्तर, हे सगळे उरलेल्या जमिनीवर. १९४८ नंतर तर वर्णभेदाचे सरकारच आले आणि शाळा, दवाखाने, बाकडी, समुद्रकिनारे सगळे वेगळे झाले.

केपटाऊनचा बेसिल डॉलिव्हिरा हा मिश्रवंशीय फलंदाज. मायदेशात पुढे जाण्याची वाट नाही म्हणून १९६० साली इंग्लंडला गेला आणि १९६६ साली इंग्लंडकडून खेळू लागला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये त्याने ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढल्या. लगेच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचा संघ निवडला गेला, त्यात त्याचे नाव नाही! ओरड झाली. पुढे एक खेळाडू जायबंदी झाल्याने त्याच्या जागी डॉलिव्हिराला घेतले, तर तिथल्या पंतप्रधान फॉर्स्टर यांनी तो संघ स्वीकारायलाच नकार दिला. दौरा रद्द झाला. १९७० नंतर दक्षिण आफ्रिका क्रिकेटच्या जगातून एकवीस वर्षे बाहेर पडली. आपल्या देशाने तर १९४६ सालीच त्यांच्याशी व्यापार तोडला होता आणि १९७४ साली डेव्हिस चषकाची टेनिसची अंतिम लढत त्यांच्याशी पडली, तेव्हा न खेळता चषक सोडून दिला होता. हातातोंडाशी आलेला घास सोडणे सोपे नव्हे. ते आपण केले, हे आजच्या मुलांना ठाऊकही नसते.

ते परत आले ते आपल्याकडेच. १० नोव्हेंबर १९९१, कोलकात्याचे ईडन गार्डन. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात होतो आणि वसतिगृहातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. वर्णभेद संपत आला म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते. पण मैदानात उतरलेले त्यांचे अकराही खेळाडू गोरे होते. हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आले नाही, माझ्याही नाही. डोनाल्डच्या गोलंदाजीचीच चर्चा रात्रभर चालली.

आता गुणवत्तावाल्यांचे म्हणणे. कायदा गेला, दारे उघडली, आता ज्याच्या अंगात आहे तो येईल, निवड समितीने फक्त धावा आणि बळी पाहावेत. ऐकायला अगदी रास्त. पण १९९८ च्या अखेरीस, म्हणजे दारे उघडून सात वर्षे झाल्यावरही, वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्या कसोटीत अकराही गोरेच उतरले. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि मग संघात गोरेतर खेळाडू किती असावेत याचे लक्ष्य ठरू लागले. २०१६ साली ते स्पष्ट आकड्यांत मांडले गेले: वर्षभराच्या सरासरीने अकरांत किमान सहा गोरेतर, त्यांपैकी किमान दोन काळे आफ्रिकी.

या नियमाने अन्याय झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. जानेवारी २००२ मध्ये सिडनीच्या कसोटीत निवडकर्त्यांनी जॅक रुडॉल्फ या गोऱ्या तरुणाला घेतले होते. क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांनी आपला अधिकार वापरून त्याचे नाव काढले आणि मिश्रवंशीय जस्टिन ऑन्टॉन्गला उतरवले. रुडॉल्फला पुढच्या वर्षी संधी मिळाली, तर पहिल्याच कसोटीत त्याने नाबाद २२२ धावा काढल्या. ऑन्टॉन्ग बिचारा दोनच कसोट्या खेळला. लोक रुडॉल्फसाठी हळहळले. मला ऑन्टॉन्गची जास्त कीव येते. ज्याला मैदानात पाय ठेवण्याआधीच सगळ्या जगाने "हा आपल्या बळावर आलेला नाही" असे सांगून टाकले, त्याने बॅट धरायची कशी?

२०१५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात चांगल्या भरात असलेल्या काईल ॲबटला बसवून दुखापतीतून उठलेल्या फिलँडरला घेतले. वरून निरोप आला, अशी चर्चा झाली. मंडळाने ते नाकारले. एक चेंडू उरलेला असताना सामना गेला. कर्णधार डिव्हिलियर्सने पुढे आपल्या आत्मचरित्रात ती सल लिहून ठेवली आहे. ॲबट दोन वर्षांत देशाचे क्रिकेट सोडून इंग्लंडला निघून गेला. पण हेही लिहिले पाहिजे की, त्या फिलँडरने कसोटीत एकूण २२४ बळी घेतले आहेत. असा गोलंदाज जगातला कोणताही संघ मागून नेईल. तरी एका सामन्यापुरता का होईना, तो "कोट्यातला" ठरला. हा शिक्का असा की, बळी घेऊनही तो चटकन पुसला जात नाही.

आता मखाया एन्टिनीची हकिकत, जी मला सगळ्यांत जवळची वाटते. हा खेड्यातला गुराखी पोर. हिवाळ्यात सकाळी अनवाणी गुरे राखताना पाय गारठले की ताज्या शेणाच्या पोवात पाय घालून उभा राही. आपल्याकडच्या किती म्हाताऱ्यांनी हे केले असेल, त्यांना विचारा. पंधराच्या आसपासचा असताना क्रिकेट मंडळाच्या विकास कार्यक्रमातील एका माणसाच्या तो नजरेस पडला. (आमच्यासारखाच विस्तार अधिकारी म्हणायचा, खेळाचा.) त्याने पोराला बूट मिळवून दिले आणि चांगल्या शाळेत नेऊन घातले. १९९८ साली एन्टिनी कसोटी खेळणारा त्या देशाचा पहिला काळा आफ्रिकी ठरला. १०१ कसोटी, ३९० बळी. २००३ साली लॉर्ड्सवर एका सामन्यात दहा बळी.

आणि तरीही २०२० साली एका मुलाखतीत त्याने सांगितले की, संघात त्याच्या शेजारी जेवायला कोणी बसत नसे. म्हणून तो आपली पिशवी बसच्या ड्रायव्हरकडे देई आणि हॉटेलपासून मैदानापर्यंत पळत जाई. लोकांना वाटे, काय याचा व्यायाम! तो एकटेपणा टाळायला पळत होता.

हे वाचताना मला आपल्या पालवणकर बाळूंची आठवण झाली. चर्मकार समाजातले बाळू पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत. गोलंदाजी अशी की, हिंदूंच्या संघाला त्यांना घ्यावेच लागले. मैदानात चेंडू त्यांच्या हातून चाले. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. गुणवत्तेचा याहून मोठा दाखला कोणता? पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. गुणवत्ता बळी मोजून कळते हे खरे, पण मोजणाऱ्याच्या हातातला तराजूही कधी तरी तपासावा लागतो.

कोट्याची दुसरी बाजू मला पुस्तकातून नव्हे, माझ्याच टेबलावर कळली. आमच्या योजनांनाही लक्ष्यांक असतो. एका योजनेत शंभरांतले तीस लाभार्थी महिला हव्यात, असा नियम होता. मार्चअखेर जवळ आली, यादी भरेना. मग मी काय केले? ज्यांच्या सात-बारावर बायकांची नावे होती, त्यांच्या घरच्या पुरुषांना बोलावून अंगठे-सह्या आणायला सांगितल्या आणि आकडा पुरा केला. पुढे एक बाई कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या नावावर तुरीचं बियाणं उचललंय म्हणे. मला तर पिशवीसुद्धा दिसली नाही." मला वर बघवेना. पुढच्या हंगामात त्यांना शेतीशाळेत रीतसर घेतले. पहिले काही आठवडे त्यांच्याऐवजी त्यांचे मालकच उत्तरे देत. एकदा मालक बाजारला गेले होते, त्या दिवशी बाई बोलल्या आणि तुरीच्या कळीवरची अळीची अंडी त्यांनी माझ्याआधी दाखवली. नियम नसता तर त्या यादीतच आल्या नसत्या, आणि नुसता नियम होता तेव्हा फक्त त्यांचे नाव आले होते.

दक्षिण आफ्रिकेतही नेमके हेच दुखणे आहे. वरच्या संघातला आकडा दिसतो, म्हणून तो भरला जातो. खालचे मैदान कोणाला दिसत नाही. रबाडा घ्या: वडील डॉक्टर, आई वकील, शिक्षण नावाजलेल्या शाळेत. बवुमा केपटाऊनच्या लांगा या काळ्या वस्तीत जन्मला खरा, पण त्यालाही पुढे चांगल्या शाळा मिळाल्या. दोघांच्या कर्तृत्वात यामुळे काही उणे होत नाही. पण एन्टिनीसारखे शेणात पाय ऊबवणारे किती पोर पुढे आले, हे विचारले तर बोटे पुरी मोजावी लागत नाहीत. तळाच्या गावात मैदान, मास्तर आणि बूट देणे हे खर्चाचे आणि वीस वर्षांचे काम. संघात दोन नावे घालणे एका बैठकीचे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचले की नाही, हे मुखाशी बसून कागदावर लिहिता येते, तसलाच हा प्रकार.

तरी त्या मुलाने मला पुन्हा विचारले, की मग कोटा हवा की नको, तर मी त्या देशापुरते "हवा होता" असे म्हणेन. १९९८ चा तो अकरा गोऱ्यांचा संघ पाहिल्यावर माझे हे मत झाले. मात्र तो वर थोडा आणि खाली पुष्कळ हवा होता. आणि शेवटचे नाव लिहिण्याचा अधिकार निवड समितीचाच हवा, अध्यक्षाचा नव्हे.

बवुमाविषयी मात्र त्याला एवढे सांगायचे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये त्याने इंग्लंडविरुद्ध नाबाद १०२ केल्या, कसोटीत शतक करणारा त्या देशाचा तो पहिला काळा आफ्रिकी. कर्णधार म्हणून पहिल्या दहा कसोटींत नऊ विजय, एक अनिर्णित. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध जागतिक कसोटी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मांडीचा स्नायू दुखावलेला, तरी लंगडत त्याने ६६ धावा काढल्या आणि मार्करमला साथ दिली. मार्करमने १३६ केल्या. तो गोरा. रबाडाने त्या सामन्यात नऊ बळी घेतले. तो काळा. २८२ धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. नोव्हेंबरात तोच बवुमा संघ घेऊन कोलकात्याला आला, त्याच ईडन गार्डनवर. आपल्याला १२४ धावा हव्या होत्या, आपण ९३ वर आटोपलो.

पारावरच्या त्या मुलाने हे वाचले तर जरूर पत्र टाकावे, पटले नसेल तर आधी टाकावे. हरभऱ्यावर घाटे अळी दिसू लागल्याची पत्रे बरीच आली आहेत. पुढच्या आठवड्यात कामगंध सापळे कधी आणि किती लावावेत, ते पाहू.